अर्थ लागत नाही

झेंडे, थांबा. तिसरी बॅटरी घेऊ नका.
दोन आधीच नव्या घेतल्यात
आणि दोन्हींनी तेच केलं,
संध्याकाळी ठणठणीत, पहाटे साडेतीनला मढं.

मागे अंजिरांचे क्रेट, पाचच्या आत मार्केट यार्ड,
आणि नेमके दिवे घाटातच दिवे जातात,
हे तुम्ही तीनदा सांगितलंत, तिन्ही वेळा हसलात.
मी विचारलं, हॉर्न दाबला की काय होतं?
डिझेलचा काटा हलतो.
आणि ब्रेक?
ब्रेकला पार्किंग लुकलुकतं,
इंडिकेटर दिला की आतला दिवासुद्धा मान डोलावतो.

गाडीला अर्थ लागत नाहीये, म्हटलं.
आम्हालाही कुठं लागतोय, तुम्ही म्हणालात.

करंट जातोय नीट. परतीची वाट सापडत नाही,
मग दिसेल त्या बोळात शिरतो,
पेठेतल्या वन-वेला चुकलेल्या पाहुण्यासारखा.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला,
लाल, इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
मारा सेल्फ.
इथं पॉइंट दोन दिसलं तर देव पावला.
तीन पॉइंट आठ.
(जास्त म्हणजे चांगलंच ना, तुम्ही विचारलंत.)

चेसिसची पट्टी वरून काळी कुळकुळीत,
कुणीतरी दसऱ्याला ऑइलपेंट मारलेला.
आत हिरवट भुगा.
नाना पेठेत लतीफचाचा म्हणायचे,
रंगावर जाऊ नको, आधी खरवड.
पांढरं लोखंड दिसेतो कानस मारली,
नवी पट्टी, नवा बोल्ट, वर ग्रीस.
हॉर्न दिला. काटा जागचा हलला नाही.
तुम्ही पाकीट काढलंत.

थांबा म्हटलं ना.
रात्रीत मरते त्याचं काय?

निगेटिव्ह सोडून मधे मीटर लावला.
चावी तुमच्या खिशात, दारं बंद,
तरी पावणेदोन अँपियर कुणीतरी पितंय.
फ्यूज एकेक उपटला,
सगळे बॉनेटवर मांडले, आकडा ढिम्म.
म्हणजे फ्यूज टाळून थेट बॅटरीवरून
तार नेलीय कुणीतरी.
कोण गाढव, मी मोठ्यानं म्हणालो.

मॅटखालून, सीटखालून, मागे हौद्यात,
ताडपत्रीखाली क्रेटांच्या आड
धुळीनं माखलेला एक बल्ब. चालू.
बटण गंजून आतच चिकटलेलं.
किती रात्री तुमची अंजिरं
त्या उजेडात एकटी बसली असतील.

टेप सोलली. सांधा पाहिला.
पीळ उलटा.
सगळं पुणं तार उजवीकडे पिळतं. मी डावरा.

एकोणीस वर्षं झाली. गाडी तेव्हा कात्रजच्या दूधवाल्याची,
चाचा नमाजला गेलेले, गिऱ्हाइकाला घाई,
मला अजून मिसरूड फुटायचं होतं.
फ्यूज घालायचा राहिला. राहिला म्हणजे,
पंधरा रुपयांचा होल्डर मी घातला नाही.
पंधरा रुपये घेतले होते.

सापडलं का, तुम्ही ओरडलात.
सापडलं.
होल्डर लावला, दहाचा फ्यूज घातला,
नवं बटण. सांधा परत केला,
तोही डावाच, मला दुसरा येत नाही.

पट्टीचे साडेतीनशे झाले.
आणि त्या तारेचे?
तिचे आलेत आधीच, मी म्हणालो,
पण सासवड रोडवरून तेवढ्यात टँकर गेला
आणि तुम्ही नुसती मान हलवलीत.
मी पुन्हा सांगितलं नाही.

सुरू झाली की मिस्ड कॉल द्या, एवढंच ठरलं.

तीन पस्तीसला फोन वाजला. एकदा.
मी जागाच होतो.
चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा.
हा दुसरा ठरला नव्हता.
घाट उतरला असणार.